बेताच्या पैशांत फुल सस्पेन्शन सायकल: जून ते नोव्हेंबरचा हिशेब

१५ जून २०२५ च्या रविवारी पुण्याजवळच्या कानिफनाथच्या डोंगरावरून कच्च्या वाटेने उतरताना मी पडले. वेग फारसा नव्हता. पावसाने मुरूम वाहून गेल्यामुळे वाटेत एक वीतभर उंचीची दगडी पायरी उघडी पडली होती. पुढचे चाक तिच्यावरून व्यवस्थित उतरले. मागचे मात्र उसळले, त्याबरोबर सीट खालून लागली, डावा पाय पॅडलवरून सुटला आणि मी उजव्या कोपरावर आले. कोपराला तीन टाके पडले. टाके निघेपर्यंतच्या दहा दिवसांत मी ठरवले की आता मागेही सस्पेन्शन, म्हणजे धक्के शोषणारी यंत्रणा, असलेली सायकल घ्यायची. प्रत्यक्षात ती चालवण्यायोग्य अवस्थेत माझ्या हाती यायला नोव्हेंबर उजाडला.

मी एका सहकारी बँकेत हिशेबाचे काम पाहते आणि कर्वेनगरात राहते. वय ४६, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५६ किलो. हे आकडे सांगण्याचे कारण असे की या विषयावर वाचायला मिळणारे जवळजवळ सगळे लेखन पावणेसहा-सहा फूट उंचीच्या आणि पंचाहत्तर-ऐंशी किलो वजनाच्या पुरुषांना समोर ठेवून केलेले असते, आणि सस्पेन्शन ही तर चालवणाऱ्याच्या वजनावरच अवलंबून असलेली गोष्ट आहे. माझ्यासारख्या हलक्या आणि बुटक्या माणसाला त्यातला निम्मा सल्ला लागूच पडत नाही, हे मला बरेच उशिरा कळले.

पहिले काम मी घरबसल्या केले. सायकल चालवल्याची नोंद मी वहीत ठेवते. मार्च ते जून या काळातल्या ४१ फेऱ्यांची विभागणी केली, तेव्हा २२ फेऱ्या निव्वळ डांबरी रस्त्यावरच्या निघाल्या, १३ भूगाव-पिरंगुटकडच्या कच्च्या रस्त्यांवरच्या आणि खऱ्या दगडधोंड्यांच्या पायवाटेवरच्या अवघ्या ६. म्हणजे ज्या प्रकारासाठी मी एवढा खर्च करायला निघाले होते, तो एकूण फेऱ्यांच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा होता. ही वही मुलीला दाखवली तेव्हा ती म्हणाली, “आई, तुला सायकल बदलायची आहे की रस्ता?” प्रश्न बोचरा होता, पण त्याचा उपयोग झाला. डांबरी रस्त्यावरच्या बावीस फेऱ्या जुन्या हार्डटेलवरच, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलवरच होत राहतील, ती विकायची नाही, असे त्या दिवशीच ठरले. नव्या सायकलीकडून मला हवे होते ते एवढेच: कर्वेनगरातून निघून पंधरा-वीस किलोमीटर डांबरी रस्ता आणि चढ कुरकुर न करता पार करता यावा, पुढची दगडी वाट निभावता यावी आणि परत घरी यावे. गाडीच्या टपावर सायकल टाकून डोंगरापर्यंत नेणाऱ्यांची गरज वेगळी असते.

पैशांची मर्यादा १,२०,००० रुपये ठेवली. तेवढ्याच रकमेची माझी एक ठेव १ ऑगस्टला मुदत भरून सुटणार होती. त्यातले निदान १२,००० रुपये दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे, हाही नियम तेव्हाच केला आणि पुढे तो फार उपयोगी पडला.

५ जुलैला, शनिवारी, दुकाने पाहायला सुरुवात केली. पहिल्याच दुकानात दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली एक सायकल १९,५०० रुपयांना होती, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मला मोह झाला. मी पर्समधून सामान तोलण्याचा हूक असलेला काटा काढला (दुकानदाराचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला होता) आणि सायकल टांगली. वजन भरले १८.४ किलो. मागच्या शॉकवर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या भागावर, जाड स्प्रिंग होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत “७५० एलबीएस” असे छापलेले होते. हा स्प्रिंगच्या कडकपणाचा आकडा असतो: ती एक इंच दाबायला ७५० पौंडांचा जोर लागतो. मी सीटवर बसले, तेव्हा शॉक जेमतेम तीन मिलिमीटर दबला. मग उभी राहून सगळ्या ताकदीने सीट खाली दाबली, तर ती दबली खरी, पण सोडताच घोड्याने मागचे पाय झाडावेत तशी वर आली. स्प्रिंग परत येण्याचा वेग रोखणारी तेलाची यंत्रणा, म्हणजे डॅम्पिंग, तिच्यात नव्हतीच. उसळणाऱ्या मागच्या चाकामुळे मी पडले होते. येथे तेच उसळणे मला विकत मिळणार होते, तेही माझ्या हार्डटेलपेक्षा पाच किलो जास्तीच्या लोखंडासकट. या किमतीत मागचे सस्पेन्शन शोधण्यापेक्षा चांगला हवेचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे सस्पेन्शन, असलेली हार्डटेल घ्यावी, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

दुसऱ्या टोकाचा अनुभव २० जुलैला घेतला. बँकेतल्या एका सहकाऱ्याने त्याची १६० मिलिमीटर ट्रॅव्हलची सायकल एका सकाळपुरती दिली. ट्रॅव्हल म्हणजे चाक वरखाली जाऊ शकते ते अंतर. चांदणी चौकातून भूगावकडे जाईपर्यंतच मला कळले की उतारावर सोफ्यासारखी वाटणारी ही सायकल चढावर माझ्या पायांतला जोर स्वतःच पिऊन टाकते. त्यात ती मला लांबही होती. वळणावर हँडल वळवताना मी बाहेरच्या बाजूचा खांदा अक्षरशः ताणून पुढे नेत होते. त्या दिवशी वहीत लिहिले: मागे १२०, पुढे १२० ते १३०, याहून जास्त नको.

पुढचे तीन आठवडे मी वाचण्यात आणि विचारण्यात घालवले. परदेशी परीक्षणांत पॉलिगॉन सिस्किउ, मरिन रिफ्ट झोन, जायंट स्टान्स ही नावे स्वस्त गटात सारखी येतात. परंतु त्यांची डॉलरमधली किंमत रुपयांत गुणून इथली किंमत निघत नाही. आयात सायकलींवरचा सीमाशुल्काचा दर २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्क्यांवर गेला, त्यावर वाहतूक, वितरकाचा हिस्सा आणि जीएसटी. आपल्याकडे “बजेट” हा शब्द म्हणूनच जपून वाचावा लागतो.

या वाचनातून मला सर्वांत उपयोगी पडली ती एक रचना. बऱ्याच महागड्या सायकलींत मागच्या चाकाच्या आसाजवळ एक जास्तीचा सांधा, म्हणजे पिव्हट असतो. स्टान्ससारख्या सायकलींत तो नसतो. तेथे मागच्या वरच्या नळ्याच किंचित लवतात. १२० मिलिमीटरपर्यंतच्या ट्रॅव्हलला हे पुरते. सांधे कमी, म्हणून बेअरिंगे कमी, म्हणून पुढचा खर्च कमी. दगडी उतारावर ब्रेक दाबून धरला की अशा रचनेचा मागचा भाग थोडा ताठर होतो, हे खरे आहे. पण माझ्या वेगाला तो तोटा जाणवण्यासारखा नाही.

ज्यांच्याकडे मी अनेक वर्षे हार्डटेल देते, त्या मेकॅनिकदादांना या काळात चार वेळा भेटले. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले, “ताई, ही सायकल घ्यायची आहे की पाळायची आहे? कारण हिला खायला घालावं लागतं.” नंतर त्यांनी मला जे सांगितले, त्याची मी वहीत पाने भरली. पॅडलच्या आसाचे बेअरिंग, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, आट्याचे असावे, नुसते दाबून बसवलेले नसावे. पावसाळ्यात दाबून बसवलेले कुरकुरते आणि काढताना फ्रेमला ठोके बसतात. मागचे चाक १२ मिलिमीटरच्या आरपार आसाचे आणि १४८ मिलिमीटर रुंदीचे असावे, कारण चाक गेले तर बदली मिळते. ब्रेक मिनरल ऑइलवर चालणारे असावेत, शिमानोचे असले तर उत्तम; डॉट प्रकारचे तेल हवेतला ओलावा शोषते आणि ते बदलण्याचे सामान गल्लीतल्या प्रत्येक मेकॅनिककडे नसते. शॉक हवेचा असावा आणि त्याचे माप प्रचलित असावे. गिअरची साखळी हलवणारा डिरेल्युअर ज्या लहानशा ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो, तो हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. तो मिळतो की नाही हे सायकल घेण्याआधी पाहावे, कारण लहानशा धक्क्यानेही तो वाकतो आणि लाखाची सायकल घरी उभी राहते. गिअर दहा की बारा, याला मात्र त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. “मागचं मोठं दातेरी चाक शेहेचाळीस दातांच्या वर असू दे, बाकी पाय तुमचेच आहेत.”

मापाबद्दल मीच शोधले. माझ्या पायाची आतली उंची ७३ सेंटिमीटर आहे, म्हणून उभे राहिल्यावर फ्रेमची वरची नळी ७० च्या आत हवी. रीच, म्हणजे पॅडलच्या आसापासून हँडलच्या नळीपर्यंतचे आडवे अंतर, ४१० ते ४२० मिलिमीटर. या मापात अनेक कंपन्या २९ इंचांऐवजी साडेसत्तावीस इंचांची चाके देतात आणि ते बरेच आहे. उतारावर मागे सरकून बसताना २९ इंचांचे चाक बुटक्या माणसाच्या विजारीला लागते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका दुकानात अशी नवी सायकल सापडली. किंमत १,८४,८०० रुपये. स्मॉल मापाची पुण्यात नव्हती. निम्मे पैसे आगाऊ भरून सहा ते दहा आठवडे थांबायचे आणि बसून न पाहताच घ्यायची. मी नम्रपणे नाही म्हटले आणि जुन्या सायकलींकडे वळले.

येथे एक चूक लिहून ठेवते, कारण बँकेत काम करणाऱ्या बाईने ती करणे शोभत नाही. बंगळूरच्या एका माणसाची सायकल फोटोंत अगदी हवी तशी होती, किंमत ८५,००० रुपये. “उद्या दुसरे गिऱ्हाईक येतेय” असे त्याने सांगितले आणि मी ९ ऑगस्टला २,००० रुपये टोकन पाठवले. फ्रेमच्या क्रमांकाचा फोटो मागितल्यावर त्याचा फोन बंद झाला. लाज वाटून मी तीन दिवस गप्प बसले आणि मग सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार केली. तोवर त्या खात्यात काही उरले नव्हते. ज्या दिवशी शंका येते, त्याच तासाला फोन करायचा असतो, हे मी रोज ग्राहकांना सांगते.

१५ ऑगस्टला जीएसटीचे दर कमी होणार असल्याची घोषणा झाली आणि बाजार थिजला. दुकानदार म्हणत थांबा, विकणारे म्हणत आत्ताच घ्या. ३ सप्टेंबरच्या परिषदेच्या बैठकीत सायकलींवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणण्याचे ठरले आणि तो २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून लागू झाला. अनेकांना वाटते की त्यामुळे किंमत सात टक्के उतरली. तसे नाही. कर मूळ किमतीवर असतो, म्हणून ११२ रुपयांची वस्तू १०५ रुपयांना आली. पाटीवरची किंमत सव्वासहा टक्के उतरते. त्या १,८४,८०० रुपयांच्या सायकलीची मूळ किंमत १,६५,००० होती, ती आता १,७३,२५० रुपयांना पडत होती. माझ्या आवाक्यात ती तरीही नव्हती. पण नवी स्वस्त झाली की जुनीच्या विक्रेत्याला आपली किंमत धरून ठेवता येत नाही, आणि खासगी विक्रीवर जीएसटी नसला तरी त्या कपातीचा फायदा मला असा आडवाटेने मिळाला.

पिंपळे सौदागरमधल्या एका सॉफ्टवेअर अभियंता मुलीची सायकल मी ऑगस्टमध्येच पाहून ठेवली होती. २०२१ ची, स्मॉल मापाची, मागे १२० आणि पुढे १३० मिलिमीटर, साडेसत्तावीस इंचांची चाके, लवणाऱ्या नळ्यांची तीच रचना, एकूण सहा बेअरिंगे. तेव्हा तिची अपेक्षा १,०५,००० रुपयांची होती. नोव्हेंबरात ती परदेशी जाणार होती. २३ सप्टेंबरला मी पुन्हा फोन केला आणि २८ तारखेच्या रविवारी मेकॅनिकदादांना रिक्षाने सोबत घेऊन गेले. त्यांच्या त्या दिवसाचे मी ५०० रुपये देऊ केले होते. त्यांनी घेतले नाहीत, फक्त चहा घेतला.

त्यांनी सायकल कशी तपासली ते सांगण्यासारखे आहे. आधी त्यांनी ती धुऊन पुसून घेतलेली पाहून नाक मुरडले. मग सीटचे मागचे टोक दोन बोटांनी धरून अगदी हलके वर उचलले, चाक जमिनीवरून सुटणार नाही इतकेच. आतून “टक्” असा बारीक आवाज आला. पुन्हा उचलले, पुन्हा “टक्”. मला म्हणाले, “आता तुम्ही शॉकच्या वरच्या बोल्टवर बोट ठेवा.” मी ठेवले आणि त्या आवाजाबरोबर बोटाखाली केसाएवढी हालचाल जाणवली. नंतर त्यांनी मागचे चाक आडवे हलवून मुख्य सांधा पाहिला. तेथेही थोडी ढील होती. शॉकच्या चकचकीत दांड्यावरून नख फिरवले, ते कोठे अडकले नाही. फ्रेमच्या जोडांवर मोबाइलचा प्रकाश तिरका पाडून भेग शोधली, ती नव्हती. फ्रेमला भेग असती किंवा दांड्यावर ओरखडा असता, तर आम्ही चहा न घेताच उठलो असतो. बेअरिंगांची ढील हा केवळ पैशांचा प्रश्न होता.

विकणाऱ्या मुलीला त्याचे कारण विचारले. ती प्रामाणिकपणे म्हणाली, “ताई, मी ती गाड्या धुतात तिथे प्रेशरने धुऊन घ्यायचे.” त्या दाबाने बेअरिंगातले ग्रीस निघून पाणी आत बसते. मी दुरुस्तीचा अंदाज कागदावर मांडून तिच्यापुढे ठेवला, नव्या सायकलींच्या उतरलेल्या किमतीही सांगितल्या आणि ९०,००० रुपयांवर बोलणे संपले.

सायकलीला आरटीओची नोंदणी नसते, त्यामुळे मालकी सिद्ध करायला कागदच लागतो. मी तिच्याकडून २०२१ चे मूळ बिल घेतले आणि त्यावरचा क्रमांक पॅडलखाली फ्रेमवर ठोकलेल्या क्रमांकाशी ताडून पाहिला. बिलात आठ होता, फ्रेमवर तीन दिसत होता. रंग भरल्यामुळे आठ तीनसारखा दिसत होता, हे नखाने खरवडल्यावर कळले. तोवर माझा जीव वर-खाली झाला होता. पावतीत दोघींची नावे, पत्ते, फ्रेम क्रमांक, रक्कम आणि तारीख लिहिली. ५,००० रुपयांवरच्या पावतीला एक रुपयाचे रसीदी तिकीट लागते. ते मी टपाल कार्यालयातून आधीच आणून ठेवले होते. त्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदाच तिकिटावर आडवी सही केली. पैसे यूपीआयने एकाच वेळी गेले, कारण एक लाखाच्या दैनिक मर्यादेत बसत होते. सायकल घरी आली २ ऑक्टोबरला, दसऱ्याला. हँडलला झेंडूचे तोरण बांधले, हळदकुंकू लावले आणि दोन दिवसांनी तीच सायकल सुटी होऊन मेकॅनिकच्या दुकानात पडली.

बेअरिंगांसाठी मी स्वतः नाना पेठेत गेले. मुख्य सांध्याला ६९०२ क्रमांकाची दोन, म्हणजे आतला व्यास १५, बाहेरचा २८, जाडी ७ मिलिमीटर; वरच्या दुव्याला ६९०० क्रमांकाची चार. हे क्रमांक बेअरिंगाच्या कडेवर कोरलेले असतात आणि कोणत्याही मोटारीच्या बेअरिंगवाल्याला ते कळतात. “सायकलीचे बेअरिंग” असे मात्र मागू नये. पहिल्या दुकानात मी तसे मागितले आणि त्याने मला सुट्या गोळ्यांची पुडी दाखवली. दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेली सहा बेअरिंगे एकूण १,००० रुपयांना आली. जुने बेअरिंग दादांनी माझ्या करंगळीवर बसवून फिरवायला लावले. अर्धा फेरा ते लोण्यासारखे फिरले आणि मग खडीसाखर चावल्यासारखे अडकले. सांध्यातले बेअरिंग पूर्ण गोल कधीच फिरत नाही, थोड्याशाच अंतरात मागेपुढे होते, त्यामुळे त्याच ठिकाणी खड्डे पडतात, असे त्यांनी समजावून सांगितले.

शॉक ६ ऑक्टोबरला परगावच्या एका सेवा केंद्राकडे कुरिअरने पाठवला. आठ दिवस सांगितले होते. मध्ये दिवाळी आली आणि तो २७ तारखेला परत आला, म्हणजे एकवीस दिवसांनी. आतले सील आणि तेल नवे होते, काम चांगले होते. परंतु शॉक फ्रेमला जोडताना दोन्ही टोकांच्या भोकांत बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या लहान नळ्यांपैकी वरची जोडी डब्यात नव्हती. फोन केला, तर “आमच्याकडे आलीच नव्हती” असे उत्तर मिळाले. माझ्याकडे पाठवतानाचा फोटो नव्हता, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. अशी वस्तू पाठवताना प्रत्येक सुटा भाग कागदावर मांडून फोटो काढावा, किंवा त्या नळ्या घरीच काढून ठेवाव्यात. शेवटी दादांच्या ओळखीच्या भोसरीतल्या एका लेथवाल्याने खालच्या जोडीवरून माप घेऊन ३५० रुपयांत नवी जोडी कातून दिली. ती मूळ नळ्यांपेक्षा सुबक आहे, हे मला मान्य करावे लागेल.

१ नोव्हेंबरला संध्याकाळी घरातल्या व्हरांड्यात शॉकची हवा लावली. यासाठी साधा पंप चालत नाही; उच्च दाबाचा लहान शॉक पंप लागतो, तो १,६०० रुपयांना पडला. पद्धत अशी: चालवताना जे घालतो ते सगळे घालायचे, हेल्मेट आणि पाण्याची पिशवीसुद्धा, शॉकवरचे रबरी कडे सीलपर्यंत सरकवायचे, भिंतीला धरून सीटवर अलगद बसायचे आणि तितक्याच अलगद उतरायचे. कडे जेथे सरकून थांबते, तेवढा शॉक आपल्या वजनाने दबला. माझ्या शॉकचा एकूण प्रवास ४५ मिलिमीटर आहे. त्याच्या २८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेबारा मिलिमीटर दबायला हवा होता. आधीच्या मालकिणीने १५० पीएसआय (हे हवेच्या दाबाचे एकक) ठेवले होते. माझ्या मुलीने कंपासपेटीतली पट्टी लावून वाचले, “नऊ.” थोडी हवा सोडली, “अकरा.” १२२ पीएसआयला ती म्हणाली, “साडेबारा, हलू नकोस.” सर्वसाधारण सल्ला असा असतो की पौंडांतल्या आपल्या वजनाइतक्या पीएसआयपासून सुरुवात करावी, सामानासह माझे १३२ पौंड होतात, तेव्हा तो अंदाज बराच जवळचा निघाला. रिबाउंड, म्हणजे परत येण्याचा वेग ठरवणारी चकती, मला नेहमीच्या शिफारशीपेक्षा दोन खाचा मोकळी ठेवावी लागली, कारण कमी दाबाची हवा शॉकला हळू वर ढकलते. आमच्या इमारतीसमोरच्या फुटपाथावरून बसून खाली उतरायचे आणि मागचा भाग एकदाच वर येऊन स्थिरावतो का ते पाहायचे. हे मी नऊ वेळा केले. पहारेकरी काका खुर्ची फिरवून बसले होते.

टायरांत ट्यूब ठेवली नाही. पुण्याच्या टेकड्यांवर बाभळीचे काटे आहेत, त्यामुळे हा निर्णय चर्चेचा नव्हताच. सीलंट (टायरची छिद्रे आतून बुजवणारा द्रव), टेप आणि व्हॉल्व्ह मिळून १,९०० रुपये झाले. उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकते, ते पाहत राहावे लागेल.

सायकलीच्या ९०,००० रुपयांवर बेअरिंगे १,०००, त्यांची मजुरी १,८००, शॉकची सेवा ४,२००, कुरिअर ६४०, लेथ ३५०, ब्रेकचे तेल आणि पॅड १,७००, टायरांचे १,९००, दोन जादा हँगर १,७०० आणि पंप १,६०० असे चढत जाऊन १,०४,८९० रुपये झाले. बंगळूरचे २,००० मी याच हिशेबात धरते, म्हणजे १,०६,८९०. ठेवीतले १३,११० रुपये शिल्लक राहिले आणि ते सायकलीच्याच नावाने वेगळ्या खात्यात आहेत.

२ नोव्हेंबरला पहाटे साडेपाचला निघाले. वजन पॅडलसह १४.६ किलो आहे, हार्डटेलपेक्षा सव्वा किलो जास्त, आणि बोपदेव घाटात ते जाणवले. शॉक बंद करणारा खटका लावूनही रोजच्या वेळेपेक्षा सहा मिनिटे जास्त लागली. वर पोहोचल्यावर टायरांची हवा मागे २० आणि पुढे १८ पीएसआयवर आणली आणि रबरी कडे पुन्हा सीलला टेकवले. जूनमधली ती दगडी पायरी तेथेच होती, पावसाने आणखी उघडी पडलेली. पहिल्या वेळी मी उतरून सायकल हातात धरून खाली नेली. मग परत वर आले, सीट खाली केली आणि बसून नव्हे, उभी राहून उतरले. मागचे चाक पायरीवरून खाली गेले आणि जमिनीवरच राहिले. खाली थांबून वाकून पाहिले, तर कडे ३९ मिलिमीटरवर होते आणि मागच्या टायरमध्ये दोन काटे रुतले होते. ते मी तेथे काढले नाहीत, घरी येऊन काढले.

पुढचे काम फोर्कचे खालचे तेल बदलण्याचे, ते ५० तासांनी. वहीत कालअखेर १८ तास ४० मिनिटे झाली आहेत.